ब्रेकचा दांडा

“गप्प बसा जरा, ऐकू द्या,” म्हणत यांनी रेडिओ मोठा केला.

अर्थमंत्री सांगत होते, तीन वर्षांत तूट निम्म्यावर आणू आणि त्यासाठी एकाही कर्मचाऱ्याला घरी पाठवणार नाही.

भावजी बशीतला चहा फुंकत होते. धरणाच्या दरवाजावर ते आणि आमचे हे बरोबरच लागले, सगळी नोकरी जोडीनं केली. उद्यापासून भावजी निवृत्त.

“खरं बोलतोय गडी,” भावजी म्हणाले. “काढणार कुणालाच नाहीत. मी घरी बसलो की माझी जागाच रद्द.”

“मागच्या खेपेलाही तूट निम्म्यावरच आणणार होते ना?” मी विचारलं.

“दर खेपेला आणतात, वहिनी. एव्हाना ती मुंगीएवढी व्हायला हवी होती.”

“आणि धरणाच्या दरवाजाचा नवा ब्रेक?”

“तोही दर खेपेला मंजूर होतो.”

हे हसले. मला हसू येईना.

दरवाजा उचलणारी दातेरी चाकं खाली खड्ड्यात आहेत. त्यांना ग्रीस लावायला एकानं आत उतरायचं आणि दुसऱ्यानं वर ब्रेकचा दांडा दाबून धरायचा. ब्रेक झिजलेला, हात सुटला की चाकं फिरणार. खालचा माणूस वर येऊन खांद्यावर हात ठेवीपर्यंत दांडा सोडायचा नाही, ही या दोघांची रीत.

भावजींच्या जागी माणूस द्याल का, असं साहेबांना विचारून झालं होतं. “भरती बंद आहे. तूट कमी होऊ दे, मग बघू. तोवर सांभाळून घ्या,” म्हणाले.

पुढच्या ग्रीसच्या दिवशी यांच्या पिशवीत मला दोरी दिसली.

“ही कशाला?”

“असू दे.”

“दांडा बांधणार?”

यांनी पिशवी उचलली. मी चपला घातल्या.

“तू कुठं निघालीस? कुणी बघितलं तर नोकरी जाईल माझी.”

“जाऊ दे.”

धरणावर भावजींचे चामडी हातमोजे अजून खिळ्याला लटकत होते. मी ते चढवले, दांड्यावर अंग टाकलं. हे खाली उतरले. भिंतीपलीकडे पाणी तुंबलेलं. त्याचा दाब पायाखालच्या लोखंडातून कळत होता. खालून ब्रशचा आवाज येत होता, तोवर ठीक होतं. मग तो थांबला. मी हाक मारली नाही. हाक मारताना हात ढिला पडेल, असं वाटलं. मोज्यात बोटं घसरत होती. दांडा कणभर वर आल्यासारखा वाटला, म्हणून मी छातीनं दाबला आणि डोळे मिटून घेतले.

खांद्यावर हात पडला.

“सोड आता,” हे म्हणाले.

मला सोडता येईना. यांनीच माझी बोटं एकेक करून सोडवली. दोरी पिशवीत तशीच होती.

संध्याकाळी रेडिओवर कुणीतरी पुन्हा तुटीचं बोलत होतं. हे जेवत होते. मी दिव्याखाली बसून भावजींचे मोजे उलटे केले, बोटं आत दुमडली आणि जाड दोऱ्यानं माझ्या मापाचे शिवून घेतले.