एकशे वीसपैकी एकशे वीस

मेंग ग्यू-चॉल यांनी विद्यापीठाच्या धूम्रपान-पाहणीतले माझे बारा प्रश्न चार मिनिटांत संपवले. इतरांना वीस लागतात.

"रागात असताना सिगारेटशिवाय राहू शकाल, याची किती खात्री? शून्य ते दहा."

"दहा."

"जेवणानंतर?"

"दहा. बाई, सगळीकडे दहाच लिहा. तुमचं सूप थंड होतंय."

चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण चालू होतं. मुलाखत एकांतात घ्यावी असा विद्यापीठाचा नियम, पण तळघराला खोली एकच. शेजारच्या टेबलावर यॉम बसले होते. सत्तावीस वर्षांपूर्वी मेंग न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा विमानतळावर घ्यायला हेच आले होते. घ्यायला येणाऱ्याचा जो धंदा, तोच पुढे आपला, असं आम्हा कोरियन लोकांत बऱ्याच जणांचं झालं. यॉम यांची लॉन्ड्री होती. मेंग लॉन्ड्रीवाले झाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेंग यांची बायको म्हणाली, "दहा? हा माणूस सकाळी चूळ भरायच्या आधी पेटवतो!"

"तुला विचारलंय का कुणी?"

यॉम हसले. "लिही गं पोरी, दहा. आमचा गडी लष्करात होता."

मी लिहिलं. उत्तरावर शंका घ्यायची नाही, नवा प्रश्न विचारायचा नाही. फार तर भरलेली उत्तरं वाचून दाखवायची, आणि माणसाने आपणहून बदलली तरच बदलायची. बेरीज एकशे वीस. त्याआधी मेंग यांनी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रात फुंकर मारली होती. आकडा आला होता एकतीस. न ओढणाऱ्याचा सहाच्या आत असतो.

ज्याची बेरीज ऐंशीच्या वर, त्याला आम्ही फक्त एक पुस्तिका देतो. ज्याची खाली, त्याला आठ आठवडे कोरियन बोलणारी नर्स फोन करते, निकोटिनच्या पट्ट्याही फुकट मिळतात. मेंग यांच्या उजव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. शस्त्रक्रिया सहा आठवड्यांवर होती, आणि त्या दिवशी फुंकरीचा आकडा सहाच्या वर गेला तर सर्जन हात लावणार नव्हते. पाय कदाचित वाचणार नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं. हे मला प्रकृतीच्या फॉर्मवरून कळलं. यॉमना माहीत नव्हतं.

भरलेल्या फॉर्मांचा लिफाफा चार वाजता बंद करून द्यायचा होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सूप ढवळत राहिले. मग फॉर्म घेऊन वर पार्किंगमध्ये गेले.

मेंग आणि यॉम भिंतीशी उभे होते. यॉम यांनी पाकीट पुढे केलं. मेंग यांनी वडीलधाऱ्याकडून घ्यावी तशी दोन्ही हातांनी सिगारेट घेतली, पेटवली, आणि यॉम यांच्या तोंडावर धूर जाऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवून ओढली. माझे वडीलही माझ्या मोठ्या काकांसमोर असेच उभे राहत. माझ्या यादीतला आठवा प्रश्न होता, 'कुणी देऊ केली तर'. कोणी, ते विचारलेलं नव्हतं.

एकदा वाटलं, परत फिरावं.

"उत्तरं वाचून दाखवायची राहिली," मी म्हणाले.

"आत्ता?" मेंग म्हणाले.

मी वाचू लागले. आठवा आला. "कुणी सिगारेट देऊ केली तर नाही म्हणण्याची खात्री. तुम्ही म्हणालात, दहा."

यॉम मोठ्याने हसले. "दहा! मग घेतलीस कशाला रे?"

"तुम्ही पुढे केलीत, दादा."

"नको म्हणायचं."

"तुम्हाला?"

यॉम यांचं हसू थांबलं. मेंग यांच्या हातातली सिगारेट नुसतीच जळत होती.

"शून्य करा," मेंग मला म्हणाले.

"म्हणजे आता दोष माझा?" यॉम म्हणाले. "सत्तावीस वर्षं ओढतोय आपण. आजच काय झालं?"

"पाय, दादा. कापावा लागेल म्हणतात."

"आणि हे तू हिला सांगितलंस? मला नाही?"

 मेंग माझ्या फॉर्मकडे बघत होते. "जेवणानंतर, एक. रागात... रागातही एक. दारूबरोबर शून्य. सकाळी विचारूच नका."

"विचारावं लागेल."

"शून्य. आणि बायकोला हा कागद दाखवू नका."

नवी बेरीज चौदा झाली. बाराही ठिकाणी मी जुना आकडा एका रेघेने खोडला, बाजूला नवा लिहिला, आद्याक्षरं घेतली. सही करताना मेंग यांनी सिगारेट खाली टाकून बुटाने विझवली.

मान वर केली तेव्हा यॉम चालू लागले होते. पाकीट कोटात, मागे न बघता.

"रागावले," मेंग म्हणाले. "दादा! अहो दादा!"

ते मागे निघाले. चौथ्या गाडीपाशी थांबले, वाकले, पोटरी दोन्ही हातांनी धरली. यॉम फाटकाशी पोहोचले होते. त्यांनी वळून पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. ना पुढे गेले, ना परत आले.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: उत्तरं तिसऱ्या माणसासमोर वाचून दाखवली, सर्व उत्तरं बदलली. असा फॉर्म ग्राह्य धरतात की बाद करतात, मला माहीत नव्हतं. बाद झाला, तर मेंगना पुस्तिकाही मिळणार नव्हती. चाराला सात मिनिटं कमी होती. लिफाफा अजून उघडाच होता.