कानशिलाजवळचा पांढरा डाग

घरात शिरल्यावरही तोंडाचा स्कार्फ सोडायचा नाही, ही कुठली रीत? पार्बताबाईंच्या डोक्यात आठवडाभर हेच घोळत होतं. बाळापूरच्या शिवारात त्यांचा झेंडूचा मळा. नात खुशी कॉलेजआधी उन्हात फुलं तोडायची, तेव्हा तोंड बांधलेलं समजू शकतं. पण पोरगी जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसू लागली. भाकर काय भिंतीला दाखवून खातात, असा टोमणा बाईंनी मारून पाहिला. पोरीनं ताट आणखी भिंतीकडे सरकवलं.

मग एका दुपारी पंख्याखाली झोपलेल्या खुशीचा स्कार्फ सरकला आणि पार्बताबाईंना तिच्या कानशिलाजवळ पांढरा डाग दिसला. दुसरा ओठाच्या कोपऱ्याशी. सावळ्या चेहऱ्यावर ते चांगलेच उठून दिसत होते.

त्यांची थोरली बहीण भागीरथा अशाच डागांपायी सासरहून परत आली होती. कोड म्हणून तिचं ताट वेगळं मांडायचे, अगदी माहेरीसुद्धा. हे एकापासून दुसऱ्याला होत नसतं, हे घरच्यांना कळलं तोवर भागीरथा राहिली नव्हती.

पार्बताबाईंनी ना मुलाला सांगितलं, ना सुनेला. गुडघा दाखवायचाय, सोबत चल, असं खोटंच बोलून खुशीला अकोल्याच्या गाडीत बसवलं. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पोरीकडे बघायची हिंमतच होईना. जठारपेठेत कातडीच्या डॉक्टरची पाटी पाहून खुशी थबकली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

डॉक्टरीणबाईंनी स्कार्फ सोडायला लावला. पार्बताबाईंनी डोळे मिटले. मग कानावर आलं, की अहो, हे तर पुसलं जातंय.

कापसावर पांढरं उतरलं होतं. खाली नुसत्या पुटकुळ्या. खुशीनं मान खाली घालून पर्समधून आईची सनस्क्रीन काढली. रापू नये म्हणून रोज थापत होती. पुटकुळ्या आल्या, तशी त्या झाकायला अजून जाड थापली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, ही दाट क्रीम आईच्या कोरड्या कातडीला ठीक; हिचं तोंड तेलकट, हिला जेलसारखी हलकी हवी, अन् सावळ्या रंगावर पांढरी न दिसणारी.

दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानातल्या पोरीनं खुशीच्या जबड्यावर सनस्क्रीनचे तीन नमुने लावले. लुगड्याचा रंग पार्बताबाईंनी कधी दुकानाच्या दिव्यात पाहिला नव्हता. नातीला ओढत त्यांनी बाहेर उन्हात आणलं, हनुवटी वर केली. एक नमुना राखेसारखा दिसत होता, दुसरा तुपासारखा चकाकत होता. तिसरा कुठं लावला तेच सापडेना. तरी पदराचं टोक ओलं करून त्यांनी ती जागा पुसली. सावळी कातडीच निघाली. त्यांनी पुन्हा पुसून पाहिलं.

“मले सांगतलं काहून नाई?”

“तू पोरींच्या तोंडाले नावं ठेवतं ना आजी, म्हनून.”

पार्बताबाईंनी पदर खोचला.

“ठेवतो, अन् उद्याई ठेवीन. पन आईक. खरंच कोड निंघालं असतं, तरी तुहं ताट माह्या ताटाले लागूनच राह्यलं असतं. ते तिसरी घे. अन् आता घरात तोंड बांधून दिसली, तं तो स्कार्फ चुलीत घालीन.”