वळूची बदनामी

त्या वर्षी खुरपणी लांबली होती. जमीन वरून कडक, आतून ओली; खुरपं घातलं की ढेकूळ मुळांसकट उचलून यायचं. मी आणि माझी धाकटी जाऊ शेजारशेजारच्या ओळी धरून सरकत होतो. दुपारी गवताची मूठ बांधावर फेकत ती म्हणाली, "अक्का, सुगी झाली की मला माहेरी धाडणार आहेत. सासूबाईंनी दुसरी मुलगी बघून ठेवलीय."

तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गावाने निकाल कधीच देऊन टाकला होता. तान्हं बाळ कुणी तिच्या हातात देत नसे. मी म्हटलं, नवऱ्याला तोंड नाही का? तेव्हा तिने खुरपं खाली ठेवलं आणि जे सांगितलं, ते पंच्याहत्तरी उलटल्यावर मी आज लिहिते आहे.

गेली दोन वर्षं त्या दोघांत काही घडलंच नव्हतं. आधी सगळं बरं होतं. मग भावजींचं शरीर ऐन वेळी साथ देईना. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर वेळी तेच. शेवटी त्यांनी अंथरूण उचललं आणि गोठ्यात नेलं. वळूची राखण करायला हवी, असं सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना लेकाच्या कष्टाळूपणाचं फार कौतुक वाटलं.

गावचा वळू सांभाळायचं काम आमच्या सासरी तीन पिढ्या चालत आलेलं. पांढरंशुभ्र, डोंगरासारख्या वशिंडाचं जनावर. चार गावांच्या गाई आमच्या दारात यायच्या. भावजी त्याला रोज घासायचे, पुसायचे, आणि त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी अशा थाटात सांगायचे की नवख्याला वाटावं, दमले हेच.

मी धाकटीला म्हटलं, हा आजार असतो, त्याला डॉक्टर असतो, त्यांना जायला सांग. तिने धीर करून सांगितलं. आणि भावजी गेलेही. पण गेले ते गुरांच्या डॉक्टरकडे.

यात त्यांना हसू नये. आयुष्यात ओळखीचा डॉक्टर तेवढाच होता. दर मंगळवारी फटफटीवरून यायचा. स्वतःचं सांगायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी सांगितलं, वळूला अडचण आहे. डॉक्टर विचारत गेला आणि हे आपलंच सगळं सांगत गेले. कधीपासून? दोन वर्षं. खाणंपिणं? भूक बरी, तहान मात्र भागत नाही, आणि रात्रीतून चारदा लघवीला उठतो. झोप लागते का? नाही, विचार करत पडतो.

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. वळू विचार करतो हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं. भावजी म्हणाले, "चेहऱ्यावर दिसतं."

डॉक्टरला काही उमजेना. त्याने वहीत नोंद केली की तपासणी होईपर्यंत या वळूकडे गाई आणू नयेत. संध्याकाळपर्यंत ही नोंद गुरांच्या हौदावर पोचली. त्या वर्षी जन्मलेली निम्मी वासरं त्याच वळूची होती, डोळ्यांसमोर उड्या मारत होती. पण वहीत लिहिलेल्यापुढे वासरांना कोण विचारतो? आठवड्यात आमच्या दारात गाय फिरकेनाशी झाली. काल ज्याच्या पाठीवर हात फिरवायला माणसं धडपडायची, त्याला आता येताजाता टोमणे. वशिंडच तेवढं मोठं, म्हणायचे. एकाने तर म्हटलं, या घरात ना सून फळली ना वळू.

सुनेबद्दलचं भावजींनी गेली दोन वर्षं ऐकून घेतलं होतं. वळूबद्दलचं मात्र त्यांना झोंबलं. दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गावच्या म्होरक्यांनी बसून ठरवलं की नवा वळू आणायचा आणि याला खच्ची करून नांगराला जुंपायचं. फुकट का पोसायचा? मंगळवारी गुरांचा डॉक्टर मोठा लोखंडी चिमटा घेऊन आला. अंगणात सगळं गाव जमलं. वळूला दोरखंडांनी बांधून आडवा केला. तो बिचारा भावजींकडेच बघत होता. आम्ही बायका ओसरीवर उभ्या. डॉक्टर गुडघ्यावर बसला, चिमटा उघडला, आणि भावजी त्याच्या आणि वळूच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले. "त्याचं सगळं ठीक आहे. मी सांगितलं ते माझं होतं."

कुणाला कळेना. म्होरक्याने विचारलं, तुझं म्हणजे काय?

"दोन वर्षं मला जमत नाही. वळूचं काही नाही."

मग सासूबाईच सावरल्या. जनावरासाठी जीव टाकतो माझा लेक, काहीही बोलतो, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना वाटेला लावायला सुरुवात केली. गुरांच्या डॉक्टरने मात्र चिमटा मिटला आणि भावजींना बाजूला घेतलं. तहान, लघवी, सगळं त्याला आता जुळलं होतं. म्हणाला, तुमची साखर तपासायला हवी, शुक्रवारी मी स्वतः तुम्हाला शहरातल्या डॉक्टरकडे नेतो, आणि बायकोलाही घ्या.

शुक्रवारी भावजी नवा सदरा घालून तयार झाले. धाकटी चुलीपुढून उठेना. भावजी दारात घुटमळले, चला म्हणाले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"वळूचं सांगितलंत," ती म्हणाली. "आता माझं सांगा."

"सगळ्यांनी ऐकलं की."

"सगळ्यांनी वळू चांगला आहे एवढंच ऐकलं. मी चांगली आहे हे कोण म्हणालं?"

भावजी उंबऱ्यावरून तसेच निघाले. सकाळची वेळ, हौदावर गुरं पाजायला सगळं गाव. तिथे जाऊन त्यांनी सांगितलं, माझ्या बायकोत दोष नाही, दोन वर्षं तुम्ही बोललात आणि मी गप्प बसलो. परत येऊन तेच सासूबाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या मुलीच्या घरी नकाराचा निरोप धाडायला लावला. मी चुलीकडे पाहिलं तर धाकटी तिथे नव्हती. ती लुगडं बदलायला आत गेली होती.

शहरातल्या डॉक्टरने रक्त तपासलं. साखर वाढलेली, त्यात तंबाखू. त्याने समजावलं ते धाकटीने मला शेताच्या भाषेत सांगितलं: पाटात गाळ साचला की वाफ्याला पाणी पोचत नाही, त्यात वाफ्याचा काय गुन्हा? आणि एकदा फसलं की भीती बसते, भीतीने पुन्हा फसतं. यात मर्दानगीचा प्रश्न नाही, म्हणाला. साखरेची गोळी दिली, तंबाखू सोडायला लावली, रोज दोन कोस चालायला सांगितलं. बाजारातल्या ताकदीच्या पुड्या घेतल्यात तर माझ्याकडे येऊ नका, असंही बजावलं. भावजींनी चालायला वळूलाच सोबत घेतलं. चारपाच महिने गेले, मग एक दिवस गोठ्यातलं अंथरूण घरात आलं. सासूबाईंनी विचारलं, आता राखण कोण करणार?

गावाला वळूबद्दल फार वाईट वाटलं. ज्यांनी टोमणे मारले होते ते एकेक करून पेंड घेऊन यायचे, त्याच्या पाठीवर हात फिरवायचे, चुकलं बाबा म्हणायचे. मग पावसापाण्याचं बोलत घुटमळायचे, आणि निघताना हळूच विचारायचे, तो शहरातला डॉक्टर कोणत्या वारी बसतो? मेव्हण्यासाठी हवं होतं. तेव्हा मला कळलं की आमच्या गावाला किती मेव्हणे आहेत.

धाकटी आतूनच सांगायची, शुक्रवारी, आणि मेव्हण्याला म्हणावं बायकोलाही ने.

तिच्यासाठी मात्र कुणी काही आणलं नाही. एका संध्याकाळी मी गोठ्यात गेले तर ती पाटीभर पेंड कालवून वळूपुढे ठेवत होती.

"खा," ती त्याला म्हणत होती. "आपल्या दोघांची मिळून आलीय."