परत न आलेले पंचावन्न

कुंभारीत दवाखाना काढल्यापासून डॉ. प्रियदर्शनी बनसोडे यांचं वाचन खूप वाढलं होतं. पेशंट नसले की डॉक्टरचं वाढतंच. एमडीची पदवी आणि साध्या खोकल्याला अँटिबायोटिक न देण्याचा बाणा, एवढ्या भांडवलावर त्या सोलापुरातून इथं आल्या. गावाने त्यांना नीट तपासून निदानही केलं होतं: "बाई लई हुशार हाय, पन सुई देत न्हाय."

सुई रस्त्यापलीकडे हणमंत डॉक्टरांकडे मिळे. झेंडावंदनाला भेटले तेव्हा ते मायेने म्हणाले, "म्याडम, माझी सुई घेतलेला खोकलेवाला परत येत न्हाय. बरा होतो की. आनि काय पुरावा पायजे?"

हे वाक्य बाईंनी जपून ठेवलं. रविवारी शहरात डॉक्टरांच्या सभेत त्यांना पंधरा मिनिटं मिळाली होती. तीन वर्षांत कुणी त्यांचं सलग पंधरा मिनिटं ऐकलं नव्हतं; आईसुद्धा फोनवर चौथ्या मिनिटाला स्थळांवर येई. सातव्या स्लाईडवर, चुकीच्या तर्काचा नमुना म्हणून, हणमंतरावांचं वाक्य. नववीवर स्वतःचं काम: खोकल्याचे साठ पेशंट, अँटिबायोटिक कुणालाच नाही, तक्रार घेऊन परत आले पाच. उरलेले पंचावन्न बरे. शंभरात ब्याण्णव.

शनिवारी सकाळी त्यांनी रिकाम्या बाकांपुढे तालीम केली. सातवी स्लाईड वाचली. नववी वाचली. मग पुन्हा सातवी. दोन्हींवर एकच वाक्य होतं. नववीवर फक्त इंग्रजी बरं होतं.

बाईंनी वही घेतली, दवाखान्याला कुलूप लावलं आणि परत न आलेल्यांना शोधत निघाल्या. गाव संकोचलं नाही. "तुमच्याकडनं निघालो ते सरळ समोर गेलो की," विठाबाई म्हणाल्या. "तुमी तपासता झ्याक. औषदाला तितं जातो." संध्याकाळपर्यंत छत्तीस जण सापडले. पस्तीस जणांनी त्याच दिवशी सुई घेतली होती. सगळे ठणठणीत होते.

छत्तिसावी केराबाई. एकटीच राहायची. दारात डॉक्टरीण बघून तिने आधी पदर सावरला.

"कोन मेलं?"

"कुणी नाही, मावशी. तुमचा खोकला गेला का, ते विचारायला आले."

"त्यो कवाच गेला."

"समोर गेला होता का सुईला?"

"गुडगं कुटं चालतंय? आनि नेनार कोन?" केराबाईने चहा ठेवला. "नुसतं इचारायला आलाय?"

"व्हय."

"माजा ल्योक बी येवडं इचारत न्हाय." मग साखरेचा डबा उघडत, "आलाच हाय, तर एक सुई द्या की."

बाईंनी दिली नाही. केराबाईने चहा मात्र दिला, साखर थोडी कमी घालून.

आता नववी स्लाईड तशीच दाखवली असती, तरी सभेत कुणाला कळलं नसतं. कुंभारीत विचारायला कोण जाणार होतं? टाळ्या पडल्या असत्या, कदाचित कुणी फोन नंबरही मागितला असता. रविवारी एसटीत बाई हाच विचार करत होत्या. हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि नववी स्लाईड पडद्यावर आल्यावर म्हणाल्या, "हा आकडा खोटा आहे. माझाच आहे. परत न आलेले मी बरे धरले, विचारलं नाही. काल विचारलं. एकोणीस सापडले नाहीत. पस्तीस जणांनी दुसरीकडे इंजेक्शन घेतलं. माझ्या सल्ल्यावर राहिलेली एकच बाई निघाली, तीही गुडघे दुखतात म्हणून."

हॉलमध्ये थोडं हसू झालं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एका पेशंटवरून काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही, सर."

पंधरा मिनिटांतली सहाच लागली. त्यांच्यानंतरचे वक्ते कफ सिरपवर बोलणार होते. 'सत्त्याण्णव टक्के रुग्ण परत आले नाहीत' ही ओळ पडद्यावर आली, आणि त्यांनी ती स्लाईड जरा घाईने पुढे सरकवली. बाईंना ते दिसलं. इतरांचं लक्ष जेवणाकडे होतं.

जेवताना वक्ते ताट घेऊन त्यांच्या टेबलापर्यंत आले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कडक भाकरी कुठे ठेवली आहे ते विचारून निघून गेले.