कीबोर्डला पाजलेली बिअर

दामियानाच्या लॅपटॉपला घेतल्यापासून दुसऱ्याच आठवड्यात डोळे मिचकावायची सवय लागली. बटणांखालचा उजेड आधी मिचमिचायचा, मग डावीकडची निम्मी बटणं अंधारात जायची, आणि मनात आलं तर परत उजळायची. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. पण दामियानाचं पोट त्या उजेडावर होतं. बोलिव्हियातल्या ला पास शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेमागे अंधारात, स्क्रीन मालवून बसून ती नटांचे संवाद ऐकत टाइप करी आणि ते रंगमंचावरच्या पट्टीवर उमटत, ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी. तयार संहितेवर भागलं असतं, पण तिथल्या विनोदी नटाला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्यात कमीपणा वाटे. आणि दामियानाही मोठी पटाईत होती अशातला भाग नाही. ती चार बोटांनी टाइप करायची, तेही बटणांकडे बघून.

कार्निव्हलनंतरच्या शनिवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याला तिचे बाबा येणार होते. बाबांचे कान खाणीतल्या सुरुंगांनी कधीच नेले होते. लेक नाट्यगृहात नेमकं काय करते, हे त्यांना उमगलं नव्हतं. ‘अंधारात बसून टाइप करते’ एवढंच ते गावी, ओरुरोतल्या शेजाऱ्यांना सांगत, आणि शेजारी सहानुभूतीने मान हलवत. बाबांनी एकदा तरी ती पट्टी वाचावी, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून जानेवारीतच ती सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरच्या लिम्बर्टने खिडकीच्या लख्ख उन्हात लॅपटॉप उघडला, आणि पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी सगळी बटणं उजळली.

“लागतोय की दिवा, मॅडम.”

“इथे लागतोय. घरी जातो.”

“मग घरचंच काहीतरी असेल.” लिम्बर्टने लॅपटॉप अलगद तिच्याकडे सरकवला. “असं करा, कार्निव्हल होऊ द्या. आता ठेवून घेतला तरी उघडणार कोण? सगळे नाचाच्या तालमीत.”

वॉरंटी वर्षभराची होती, पण कार्निव्हलपुढे वर्षाची काय मिजास. दामियाना परत आली.

घरी फोर्तुनाता मावशी होती. मावशी बाजारात बटाटे विकायची. तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नसे, पण यंत्रांच्या स्वभावातलं सगळं कळे.

“आणल्यापासून धरणीमाता पाचामामाला बिअरचा घोट तरी दिलास का?”

“मावशी, तो लॅपटॉप आहे.”

“आणि शेजारच्या ग्रोव्हरची मिनीबस काय देवदूत आहे? तिला दरवर्षी पाजतो. गेली का कधी दरीत?”

दामियाना हसली, आणि विषय तिथेच संपला असं समजली.

कार्निव्हलच्या मंगळवारी अख्खं शहर आपापल्या घरांना, दुकानांना, गाड्यांना कागदी माळा घालून धरणीमातेच्या नावाने बिअर शिंपडत होतं. दामियाना बाबांना आणायला ओरुरोला गेली होती. परत आली तेव्हा लॅपटॉपच्या गळ्यात माळ होती आणि अंगावर रंगीत कागदाचे तुकडे चिकटले होते. धडधाकट वस्तूला दोन थेंब पुरतात, पण हा आजारी, म्हणून मावशीने मायेने अर्धा ग्लास ओतला होता. आता बटणं कामं सगळी करत, उजेड मात्र एकाही बटणाखाली उरला नव्हता. औषधाचा गुण एवढाच, की मिचमिच थांबली.

गुरुवारी सेंटर उघडताच दामियाना गेली, आणि मावशीही पाठोपाठ. प्रिंटरला पिवळी माळ होती, काउंटरवर कागदाच्या चिंध्या होत्या, आणि कोपऱ्यात काल-परवाच्या बिअरचा वास शिल्लक होता. लिम्बर्टने कीबोर्ड उचकटला, आत पाहिलं आणि मान हलवली.

“द्रव गेलाय. द्रव वॉरंटीत बसत नाही.”

“दिवा जानेवारीपासून बिघडलाय. तुम्हीच म्हणालात, नंतर या.”

“तेव्हा वॉरंटी होती, पण बिघाड दिसला नाही.”

“आणि आता?”

“आता बिघाड दिसतोय, पण वॉरंटी नाही.”

दामियाना या न्यायाची दोन टोकं जुळवत होती. तोवर मावशी पुढे झाली.

“काय रे बाबा, त्या छापायच्या यंत्राला ती माळ काय पोटातून फुटली? मंगळवारी त्यालाही पाजलंच असशील की.”

“आम्ही कोपऱ्यांत शिंपडतो, मावशी. जमिनीवर. बटणांवर नाही.” मागे साहेब नाहीत हे बघून लिम्बर्टने आवाज खाली आणला. “कुठली बिअर होती?”

“घरातलीच. आदल्या रात्रीची थोडी उरली होती.”

“उरलेली?” लिम्बर्टचा चेहरा सबंध व्यवहारात पहिल्यांदाच खरोखर गंभीर झाला. “पाचामामाला शिळी बिअर? मग दुसरं काय होणार, मावशी.”

म्हणजे कंपनीने हात झटकले ते बिअर घातली म्हणून, आणि पाचामामाने झटकले ते शिळी घातली म्हणून. भर बाजारात कुणाला हार न जाणारी फोर्तुनाता मावशी शालीच्या टोकाने डोळे पुसू लागली. दामियानाचा सगळा राग तिथेच विरघळला. ती मावशीचा हात धरून बाहेर पडली. बसमध्ये बसते न बसते तोच कंपनीचा मेसेज आला: आमच्या सेवेने आपण किती आनंदी झालात, ते तारे देऊन कळवा.

शनिवारी दिग्दर्शकाने बजावलं, की सभागृहात मागून उजेडाचा ठिपकाही दिसला तर दामियानाला उद्यापासून यायची गरज नाही. मोबाइल तर दाराशीच जमा. बाबांना हे सगळं मावशीने हातवारे करून सांगितलं, स्वतःच्या अर्ध्या ग्लासासकट. बाबांनी पिशवीतून खाणीतला जुना दिवा काढला, कपाळाला बांधायचा. वीज गेली तर असावा म्हणून ते तो सगळीकडे नेत. मावशीने अंगावरची जाड शाल उतरवली.

“घे, हिच्याखाली बस. पाठीला बांधून बटाटे वाहिलेत हिने, तुझं डोकं काय जड आहे.”

पडदा उघडला तेव्हा दामियाना शेवटच्या रांगेमागे शालीखाली होती. कपाळावर बाबांचा दिवा, नाकात मातीचा वास, घामाने चष्मा ओला. तिला रंगमंच दिसत नव्हता, पुढच्या रांगेत बसवलेले बाबा दिसत नव्हते, फक्त आवाज येत होते आणि ती चार बोटांनी त्यांच्यामागे धावत होती.

मध्येच विनोदी नट थांबला. त्याने बहुधा अंधारातलं ते गाठोडं पाहिलं असावं.

“आज तिकिटं फारच स्वस्त झालेली दिसतात,” तो म्हणाला. “मागे कुणीतरी बटाट्यांचं पोतंही बसवलंय.”

सभागृह हशाने फुटलं. दामियानाचे कान तापले. स्वतःवरचा विनोद स्वतःच टाइप करायचा, आणि तोही एक अक्षर न गाळता. तिने तो टाइप केला. तोवर हशा ओसरला होता, नटाने पुढचं वाक्य घ्यायला श्वास घेतला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एकच हसू आलं, सगळ्यांच्या नंतर, एकटं आणि खणखणीत. आपण किती मोठ्याने हसतो हे ज्याला ऐकूच येत नाही त्याचं.

शालीखाली दामियानाची बोटं थबकली. पुढचं वाक्य पट्टीवर थोडं उशिरा उमटलं.