मधली प्लेट

बाळूचं हल्ली काही खरं नव्हतं. वीस वर्षं शांतारामरावांच्या हाताखाली काम करणारा हा माणूस पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पुढच्या दाराने आला, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि "काकू, चहा टाका" म्हणून ओरडला. आणि आता दिवाळीपासून दोनदा तो मागच्या अंगणाचं फाटक हलकेच उघडून आत शिरताना दिसला. तेही सोमवारीच. शांतारामराव कारखान्याच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले, की हा हजर.

दुसरीतून शाळा सुटली तरी संशय घ्यायला शांतारामरावांच्या बायकोला, कमलिनीबाईंना, कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अंगणातल्या पत्र्याखाली जोंगा उभा होता. जबलपूरला बनलेली, फौजेने लिलावात काढलेली ती दांडगी गाडी आता रायसेनकडच्या एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची होती. जंगलात कुठेही चढायची, पण पेट्रोल पिऊन मालकाला घाईला आणायची. म्हणून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवायचं होतं. कुठल्या गाडीत कुठलं इंजिन बसेल हे विचारायला होशंगाबादपासून लोक शांतारामरावांकडे येत. फिटर म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने कधी वही केली नाही. इंजिनांची घराणी त्यांना सासरमाहेरच्या माणसांसारखी पाठ.

"भावंडं असली तरी तोंडावर जायचं नाही," ते बाळूला सांगत. "पाठ मोजायची. पाठीला गिअरबॉक्स लागतो. दोघांच्या मधे जी प्लेट बसते, तिच्या जाडीत सगळं आलं."

हे ऐकून ऐकून कमलिनीबाईंनाही एवढं कळलं होतं, की सारख्या तोंडाचं भंगार इंजिन आत घालून चांगलं इंजिन बाहेर काढता येतं. आणि मग नाव कुणाचं जाणार? बाळूचं नाही.

रविवारी संध्याकाळी शांतारामराव जोडणी संपवून हात धुवायला गेले, तेव्हा बाईंनी पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि गिअरबॉक्सच्या एकेका बोल्टवर रेघ ओढली.

सोमवारी अकराला त्या अंगणात आल्या. एकही रेघ जागेवर नव्हती. गिअरबॉक्स मागे सरकवलेला आणि गाडीखालून दोन पाय बाहेर.

"बाहेर ये."

बाळू सरपटत निघाला. कोपरापर्यंत काळा. "काकू... काकाच बोलले होते, जरा टाइट करून ठेव म्हणून."

"टाइट करायला सगळं खोलावं लागतं होय रे? चांगलं इंजिन कुठे नेऊन घातलंस?"

"कसम से काकू, इंजिन तेच आहे!"

पोत्यावर दोन प्लेटा पडल्या होत्या, वरून बघता एकीसारखी दुसरी. शांतारामराव आपल्या हातच्या प्रत्येक कामावर कोपऱ्यात तीन ठिपके ठोकत. बाईंनी दोन्ही उचलल्या. दोन्हींवर तीन ठिपके. एकीवरचे अजून चकाकत होते, आणि शेजारीच ठिपके ठोकायचा पंच न् हातोडी.

"अगं बाई! यांची खूणसुद्धा ठोकायला लागलास? ज्या घरात जेवलास त्याच घरात?"

"ठोकली," बाळू खाली बघत म्हणाला. "नाहीतर काकांना कळेल ना, ही प्लेट त्यांची नाही ते."

"म्हणजे?"

"त्यांनी थोरल्या इंजिनाचं माप धाकट्याला दिलं, काकू. भोकं सगळी जुळतात, पण प्लेट दोन सूत पातळ. आतला शाफ्ट टेकतो. जंगलात उतारावर गिअरबॉक्स फुटला असता आणि माणूस गेला असता."

"यांनी? यांनी माप चुकवलं?"

"आधीच्या दोन गाड्यांतपण. पहिल्यांदा मी बोललो, तर म्हणाले, मला शिकवतोस? आणि मग बराच वेळ नुसते स्केलकडे बघत बसले. परत नाही बोललो मी."

कमलिनीबाईंनी दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवून कड बघितली. गेल्या महिन्यात शांतारामराव बरखेड्यातल्या, पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या क्वार्टरच्या कुलपाला किल्ली लावत उभे होते. कुणीतरी ओळखून घरी आणून सोडलं. "जुन्या शेजाऱ्यांना भेटायला गेले होते," असं बाईंनी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सांगितलं होतं. इतक्या ठासून, की त्यांचं त्यांनाही खरं वाटायला लागलं होतं.

पुढच्या बाजूला सायकलचं स्टँड वाजलं. शांतारामराव आज लवकर आले होते.

बाळूने जुन्या प्लेटसाठी हात पुढे केला, पण ती बाईंनी ग्रीससकट पदरात गुंडाळली होती. "यांना मी पानावर बसवते. तोवर उरक." नव्या प्लेटवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ती त्याच्या छातीशी टेकवली.

"चोर आहेस तू, बाळू. आणि तोही कच्चा. यांचा तिसरा ठिपका कधी ओळीत पडत नाही, जरा खाली उतरतो. पुढच्या वेळी नीट ठोक, मेल्या. आणि पुढच्या दाराने ये."