गाडीचा रुसवा आणि पिवळा ठिपका

सकाळचे सव्वासहा वाजले होते. चढावरच्या त्या गल्लीत एकोणीस माणसं एका जुन्या डिझेल गाडीभोवती उभी होती आणि कुणीही ती ढकलत नव्हतं. गाडीचं बॉनेट उघडं होतं. त्यात कोपरापर्यंत हात घालून हातगुणकाका डोळे मिटून उभे होते. हातावर जांभळी शाल पांघरलेली होती, कारण चमत्काराला वारा लागू द्यायचा नसतो म्हणे.

"गाडी बिघडलेली नाही," काका म्हणाले. "रुसलीय. बिघाड मेकॅनिक काढतो. रुसवा कोण काढणार?"

"तुम्हीच," समोरची शिवणवाली म्हणाली.

"मी नाही. माझा हात. मी आपला हाताबरोबर येतो."

हा नम्रपणा लोकांना फार आवडला. शालीखालून फसक, फसक असा आवाज येत होता.

"हृदयाला मालिश चाललीय," काकांनी खुलासा केला. "छत्तीस... सदतीस... मधे बोलू नका, गाडी लाजते."

चाळीस झाल्यावर त्यांनी मान हलवली. स्टिअरिंगमागे बसलेल्या बाबांनी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. बेकरीवाल्यानं डोळे पुसले. त्याच्याकडे सायकल होती, पण गहिवरायला गाडी लागतेच असं नाही.

मागच्या सीटवर आई उशीला टेकून बसली होती. तिची मूत्रपिंडं थकली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला तिला डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायचे. तिच्या शेजारी बसलेल्या धाकट्या लेकीनं गुडघ्यावरच्या वहीत लिहिलं : सोमवार. नाक चढाकडे. काका. चाळीस.

धाकटी दुकानांतले वजनकाटे तपासायची. सगळं व्यवस्थित आहे असं कुणी म्हणालं, की ती खिशातून वजन काढायची. त्यामुळे तिला लग्नाची बोलावणी कमी यायची.

पण वही तिनं हौस म्हणून सुरू केली नव्हती. महिन्यापूर्वी एका गुरुवारी गाडी अशीच रुसली, आणि काका दुसऱ्या वस्तीत एका पाण्याच्या मोटरची समजूत काढायला गेले होते. बाबा दीड तास किल्ली फिरवत राहिले. "काका येतीलच," एवढंच म्हणत राहिले. शेवटी टॅक्सीनं आई पोहोचली ती दोन तास उशिरा. तिला धाप लागली होती आणि ओठ निळसर पडले होते. "पुन्हा असा उशीर केलात तर थेट अतिदक्षता विभागात भेटू," नर्स म्हणाली.

दादाला विचारावं, तर त्याचं उत्तर ठरलेलं. धाकटीचा थोरला भाऊ गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवायचा. "मशीन ठणठणीत आहे. तीनदा बघितलं मी. काकांना बोलवा."

याच दादानं तिला शिकवलं होतं, की आधी निदान, मग पाना. डिझेल गाडी सुरू झाली नाही तर तीन गोष्टी बघायच्या. स्टार्टर जोरात फिरतो का? मागून धूर येतो का? आणि कधी होतं, कधी होत नाही? वहीत तिन्हींची उत्तरं जमली होती. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी बरी होती. धूर अजिबात नव्हता, म्हणजे इंजिनापर्यंत डिझेल पोहोचतच नव्हतं. आणि बिघाड फक्त सकाळी व्हायचा, तोही गाडी रात्रभर चढाकडे नाक करून उभी असली तरच. बेकरीपुढच्या सपाट जागेत लावलेली गाडी एकदाही रुसली नव्हती. या रुसव्याला जमिनीचा उतार बरोबर कळत होता.

सोमवारी दुपारी तिनं बॉनेट उघडलं. टाकीकडून फिल्टरकडे येणारी रबरी नळी चाचपत नेली. फिल्टरजवळ, क्लिपच्या अगदी कडेला, टोच्यानं पाडावीत तशी तीन बारीक भोकं एका ओळीत होती. त्यांतून नळीत हवा शिरायची. नाक वर असलं की रात्रभरात डिझेल खाली टाकीत उतरायचं. ते पुन्हा वर ओढायला फिल्टरच्या डोक्यावर एक हातपंप असतो, बशीएवढं बटण. तिनं ते दाबलं.

फसक.

काकांचं हृदय ते हेच.

तिला हसू आलं, पण ते पुरं झालं नाही. नळी नवीकोरी होती, आणि नव्या नळीला जन्मतः भोकं नसतात. शिवाय क्लिपच्या स्क्रूवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. स्वतः घट्ट केलेल्या प्रत्येक स्क्रूवर दादा तसा ठिपका द्यायचा. आपण केलेलं काम लपवायचं नसतं, हेही तिला त्यानंच शिकवलं होतं.

ती गॅरेजात गेली. दादा पाना पुसत होता.

"दादा, नळी तू बदललीस?"

"कुठली?"

"ठिपकेवाली."

तो पाना पुसत राहिला. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"गॅरेज ओस पडलं होतं गं," तो म्हणाला. "काका रुसवा काढतात आणि पुढच्या कामाला गाड्या माझ्याकडे पाठवतात. पण आधी लोकांना एक गाडी दाखवायला हवी होती. परक्याच्या गाडीवर केलं असतं तर कुणीतरी संशय घेतला असता. घरच्या गाडीवर कोण घेणार?"

"त्या गाडीत आई बसते."

"सहाला काका हजर असणार, असं ठरलं होतं."

"आणि त्या गुरुवारी?"

"त्या दिवशी त्यांना दुसरं बोलावणं आलं."

हे तो इतक्या सहज बोलला, की भांडायचं कुठून तेच तिला कळेना. खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हे तू सगळ्यांसमोर सांगणार आहेस," ती म्हणाली. "गुरुवारी."

गुरुवारी पहाटे तिनं आधी टॅक्सी बोलावली आणि आईला तिच्यात बसवलं. आईनं काच खाली केली. "पंधरा मिनिटं. माझं यंत्र थांबत नाही."

काका शाल पांघरायला लागले. धाकटीनं ती घडी घालून त्यांच्या खांद्यावर ठेवली.

"आज उघड्यावर करा."

"गाडी लाजेल."

"लाजू दे. बावीस वर्षांची आहे."

तिनं निवृत्त पोस्टमास्तरांना पुढे ओढलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मंत्राची भानगड नव्हती. त्यांनी बटण चाळीसदा दाबलं. बाबांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

गर्दीत कुजबूज झाली. "मास्तरांच्याही हाताला गुण आहे," बेकरीवाला आदरानं म्हणाला.

धाकटीनं कपाळावर हात मारला. गाडी बंद करून तिनं नळी सोडवली, डिझेल खाली उतरू दिलं, नळी पुन्हा लावली आणि बेकरीवाल्यालाच दाबायला लावलं. गाडी सुरू झाली. त्यानं स्वतःच्या हाताकडे संशयानं पाहिलं. डिझेल तिसऱ्यांदा उतरवून ती काकांकडे वळली. "आता तुम्ही. फक्त बटणाला हात लावायचा नाही."

काकांनी बॉनेटवर, छतावर, चारही चाकांवर हात फिरवला. स्टार्टर नुसता घरघरत राहिला.

"आज हाताचा उपास आहे," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. शिवणवालीनं वाकून नळी पाहिली. "ही भोकं कुणी पाडली?"

 बाबा गाडीतून उतरून बॉनेटपाशी आले आणि त्यांची नजर क्लिपवर गेली. तो ठिपका ते पंधरा वर्षं ओळखत होते. दादा गर्दीतून पुढे आला. "मी," तो म्हणाला. बाबा मागे वळले आणि टॅक्सीत, आईशेजारी जाऊन बसले. आईनं एकदा लेकाकडे पाहिलं आणि काच वर केली. टॅक्सी निघून गेली.

"गाडीला मन नसतं," धाकटी उरलेल्यांना म्हणाली. "नळी असते. कुणी शालीखाली हात घातला तर आधी शाल उचला. खरं असेल तर उजेडातही चालेल. आणि कधी होतं, कधी होत नाही, एवढं वहीत लिहा. त्याला कुणाचा हातगुण लागत नाही."

दादानं नवी नळी आणली, बसवली, क्लिप घट्ट केली. सवयीनं खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढली.

"ठिपका नको," ती म्हणाली.

"काम चोख केलंय मी."

"असेल. मी बोट लावून बघेन."

तिनं तिथल्या तिथे बोट लावून बघितलं. तेव्हापासून दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी ती बघतेच.